एमडब्ल्यू१० नंतर एमडब्ल्यू११ का घ्यायचा नाही: पीएलसीची मेमरी आणि ॲड्रेसिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. आधी सगळं काम मित्सुबिशीच्या एफएक्स पीएलसीवर (मशिन चालवणारा इंडस्ट्रियल कंट्रोलर) केलेलं, आता पहिल्यांदा सिमेन्सचा एस७-१२०० हातात आलाय. बॉक्सचा काउंट एमडब्ल्यू१० या मेमरी वर्डमध्ये ठेवला, कन्व्हेयर मोटरचा स्पीड एमडब्ल्यू११ मध्ये. आता काउंट भलतंच काहीतरी दाखवतो, मोटर १४५० आरपीएमला असली की ५, ८०० ला ३, मोटर बंद केली की ०. आणि फुल स्पीडला नेलं की पहिल्याच बॉक्सला ओव्हरस्पीडचा ट्रिप येतो, लिमिट १६०० ची आहे पण एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) स्पीड १४५० च दिसतो. प्रोग्रामचे तुकडे, म्हणजे नेटवर्क, क्रमाने चालतात, त्यातला काउंट नेटवर्क ३ मध्ये आहे, ओव्हरस्पीडचा कम्पेअर ७ मध्ये, स्पीडचं स्केलिंग १२ मध्ये. सेन्सर बदलून झाला, केबल शिल्डेड टाकली, तरी तेच. आणि वर दुसरा प्रश्न, की हाच काउंट मॉडबस या कम्युनिकेशन प्रोटोकॉलवरून स्काडाला (कंट्रोल रूममधल्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरला) द्यायचाय तर ४०००१ या ॲड्रेसला नक्की काय येतं.

जुना सेन्सर परत लावून टाका, त्याचा काही दोष नाहीये. तुम्ही आकडे नीट टिपून ठेवलेत आणि उत्तर त्या आकड्यांतच आहे. १४५० ला २५६ ने भागा, ५ येतात आणि १७० उरतात. ८०० ला भागा, ३ येतात. तुमचा काउंट हा काउंट नाहीच, तो स्पीड भागिले २५६ आहे. पीएलसीत कुठेही दोन व्हॅल्यूंमध्ये २५६ चं नातं दिसलं की ९९ टक्के वेळा एक बाइट दोन ठिकाणी वापरला गेलाय असंच समजायचं, मग वायरिंगकडे बघायची गरजच पडत नाही.

झालंय काय ते सांगतो. मित्सुबिशीत डी१० हा स्वतः १६ बिटचा रजिस्टर आहे, डी११ हा त्याच्या पुढचा वेगळा १६ बिटचा, त्यामुळे १०, ११, १२ असं ओळीने वापरलं तरी चालतं. सिमेन्समध्ये एम एरिया, म्हणजे सगळ्या प्रोग्रामची सामायिक मेमरी, मोजला जातो बाइटमध्ये, म्हणजे ८-८ बिटच्या तुकड्यांत. एमडब्ल्यू१० मधला १० हा वर्डचा नंबर नाहीये, तो वर्ड ज्या बाइटपासून सुरू होतो त्या बाइटचा नंबर आहे. वर्ड दोन बाइटचा, म्हणून एमडब्ल्यू१० ने एमबी१० आणि एमबी११ हे दोन बाइट घेतले. मग एमडब्ल्यू११ कुठून सुरू होणार? एमबी११ पासून, आणि तो एमबी१२ पर्यंत जाणार. म्हणजे एमबी११ च्या सातबाऱ्यावर काउंट आणि स्पीड दोघांची नावं लागली. टीआयए पोर्टल (सिमेन्सचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) यावर एरर देत नाही, कम्पाइल क्लीन होतं, कारण मुद्दाम अशी दोन नावं एका जागेला देणं त्यांच्या दृष्टीने चालतं.

आता तुमच्या मशिनवर एका स्कॅनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीत, काय होतं ते बघा. नेटवर्क १२ ने स्पीड १४५० लिहिला, म्हणजे एमबी११ मध्ये ५ आणि एमबी१२ मध्ये १७०. एमबी१० मध्ये ० आहेच. पुढच्या स्कॅनला नेटवर्क ३ मध्ये काउंट वाचला गेला तर एमबी१० चा ० आणि एमबी११ चा ५, म्हणजे काउंट ५. बॉक्स आला, एक मिळवला, ६ झाले, एमबी११ मध्ये ६ बसले. त्याच क्षणी स्पीड झाला ६ गुणिले २५६ अधिक १७०, म्हणजे १७०६. नेटवर्क ७ ला कम्पेअरने हाच १७०६ बघितला, १६०० पेक्षा जास्त, ट्रिप. आणि नेटवर्क १२ ने परत १४५० लिहून टाकलं म्हणून एचएमआयला खोटा आकडा कधी दिसतच नाही, तो काही मिलिसेकंद जगला आणि गेला. माझं बरोबर आहे का हे तपासायचं असेल तर स्पीड हळूहळू वाढवत न्या, १३४४ पर्यंत बॉक्स गेले तरी ट्रिप येणार नाही, १३४५ पासून येईल, कारण त्यात २५६ मिळवले की १६०१ होतात.

तात्पुरतं दुरुस्त करायचं असेल तर स्पीड एमडब्ल्यू१२ ला न्या, एवढ्यानेच चालू होईल. पण काउंट इंट (१६ बिटचा पूर्णांक) मध्ये ठेवू नका, इंट ३२७६७ ला संपतो आणि त्याच्या पुढचा बॉक्स आला की आकडा मायनसमध्ये जातो, तीन शिफ्टच्या लाइनवर ते यायला वेळ लागत नाही. काउंटला डबल वर्ड द्या, डिंट (३२ बिटचा पूर्णांक) घ्या, म्हणजे एमडी२० घेतला तर एमबी२० ते एमबी२३ असे चार बाइट गेले आणि पुढचा मोकळा ॲड्रेस २४. वर्ड असेल तर दोनने उडी, डबल वर्ड किंवा रिअल (दशांशाचा आकडा) असेल तर चारने, हे हाताला लागलं पाहिजे. सीपीयूवरचे दोन ॲनालॉग इनपुट आयडब्ल्यू६४ आणि आयडब्ल्यू६६ (आय म्हणजे इनपुट) असतात, मध्ये ६५ नसतो, ते पण याचमुळे.

आणि मित्सुबिशीत हा त्रास होतच नाही असं समजू नका बरं का. तिथे डीएमओव्ही सारखी ३२ बिटची इन्स्ट्रक्शन डी१० वर टाकली की ती डी१० आणि डी११ दोन्ही घेते, आणि कुणीतरी डी११ मोकळा समजून त्यात टायमरचा सेटपॉइंट टाकून ठेवलेला असतो. डेल्टाच्या पीएलसीला पण तेच. अॅलन ब्रॅडलीच्या जुन्या एसएलसी आणि मायक्रोलॉजिक्समध्ये एन७:०, एन७:१ हे प्रत्येकी १६ बिटचे, रिअलला वेगळी एफ८ फाइल, त्यामुळे तिकडे ओव्हरलॅप कमी होतो. नवीन पीएलसी हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की या ॲड्रेसमधला आकडा काय मोजतोय, बिट, बाइट की वर्ड. आणि तो आकडा कुठल्या पद्धतीने मोजलाय हे पण बघायचं, एफएक्समध्ये एक्स७ नंतर एक्स१० येतो कारण तिथे इनपुट आउटपुट ऑक्टलमध्ये (आठच्या पायाने) आहेत, मित्सुबिशीच्याच क्यू सिरीजमध्ये तेच हेक्समध्ये (सोळाच्या पायाने).

आता पुढची भानगड, जी तुमच्याकडे अजून आली नाही पण ड्राइव्ह (मोटरचा स्पीड कंट्रोलर) प्रोफिनेट या नेटवर्कवर घेतला की नक्की येणार. सिमेन्समध्ये वर्डचा मोठा बाइट आधी येतो. एमडब्ल्यू१० मध्ये १ लिहिला तर एम१०.० ऑन होईल असं सगळ्यांना वाटतं, ऑन होतो एम११.०. कारण एमबी१० हा वरचा अर्धा भाग आहे आणि एमबी११ खालचा, वर्डचा बिट ० बसतो ११.० ला आणि बिट ८ बसतो १०.० ला. ड्राइव्हचा स्टेटस वर्ड आयडब्ल्यू२५६ ला येतोय असं धरा, मॅन्युअलमध्ये लिहिलंय बिट ३ म्हणजे फॉल्ट. नवीन माणूस आय२५६.३ घेतो, तो खरंतर बिट ११ आहे, त्याचा फॉल्टशी काही संबंध नाही. घ्यायचा असतो आय२५७.३. यात वाईट हे की चुकीचा बिट पण अधूनमधून ऑन ऑफ होत राहतो त्यामुळे लॉजिक चालतंय असंच वाटतं, आणि ड्राइव्ह खरोखर फॉल्टला गेला की अलार्म येत नाही. कंट्रोल वर्डला सहसा हा घोळ होत नाही कारण तिकडे पूर्ण वर्ड एकदम पाठवतात, आधी हेक्स ०४७ई आणि मग रनला ०४७एफ.

हे डोक्यात पक्कं बसवायचा एकच उपाय, वॉच टेबल उघडा, पीएलसीसिम या सिम्युलेटरवर केलं तरी चालेल, डिस्प्ले फॉरमॅट हेक्स ठेवा, एमडब्ल्यू१०, एमडब्ल्यू११, एमबी१०, एमबी११, एमबी१२ अशा पाच ओळी टाका आणि एमडब्ल्यू१० मध्ये हेक्स १२३४ लिहा. एमबी१० ला १२ दिसेल, एमबी११ ला ३४, आणि एमडब्ल्यू११ तुम्ही हात न लावता ३४०० होऊन बसेल. दहा पानं वाचण्यापेक्षा हे बघितलेलं जास्त लक्षात राहतं.

एरियांबद्दल. आय (इनपुट) आणि क्यू (आउटपुट) म्हणजे प्रोसेस इमेज, मेमरीतली त्यांची कॉपी, खरा टर्मिनल नव्हे. एस७-१२०० स्कॅनच्या सुरुवातीला क्यूची कॉपी आउटपुट मॉड्यूलवर टाकतो, मग इनपुट वाचून आय मध्ये ठेवतो, आणि मग ओबी१, म्हणजे मुख्य प्रोग्राम, चालवतो. ओबी१ चालू असताना आय०.० बदलत नाही, बाहेर सेन्सर दहा वेळा ऑन ऑफ झाला तरी. हे चांगलंच आहे, नाहीतर एकाच स्कॅनमध्ये नेटवर्क २ ला इनपुट ऑन आणि नेटवर्क ९ ला ऑफ असा प्रकार झाला असता. अगदी त्याच क्षणाची स्थिती हवी असेल तर ॲड्रेसच्या पुढे कोलन पी लावून सरळ मॉड्यूलवरून वाचता येतं, पण तसं वाचल्याने प्रोसेस इमेज अपडेट होत नाही हे ध्यानात ठेवा. क्यू बिट दोन ठिकाणी कॉइल म्हणून लिहिला तर शेवटी जो लिहील त्याचंच चालतं, तुमच्या काउंटचं जे झालं त्याचाच हा प्रकार, फक्त इथे दोघंही एकच ॲड्रेस लिहित असतात म्हणून क्रॉस रेफरन्समध्ये लगेच सापडतं.

एम एरिया म्हणजे सगळ्यांसाठी उघडा फळा. १२१४सी मध्ये तो ८१९२ बाइट असतो, १२११सी आणि १२१२सी मध्ये ४०९६. जुन्या एस७-३०० च्या ३१४ सीपीयूला २५६ बाइटच होते, म्हणून त्या काळच्या लोकांनी एक एक बिट जपून वापरला आणि ती सवय अजून प्रोग्राममध्ये दिसते. फळ्यावर कुणीही काहीही लिहू शकतं हाच त्याचा धोका. त्यातही एमबी० आणि एमबी१ ला हात लावू नका, हार्डवेअर कॉन्फिगरेशनमध्ये क्लॉक मेमरी आणि सिस्टिम मेमरी ऑन केली की डिफॉल्टने त्या याच दोन बाइटवर येतात, एम०.५ हा एक सेकंदाचा ब्लिंकर, एम१.० फर्स्ट स्कॅन, एम१.२ कायम ऑन. एफएक्सच्या एम८००० आणि एम८००२ चे हे भाऊबंद समजा, फरक एवढाच की तिकडे ते वेगळ्या नंबरवर सुरक्षित आहेत आणि इकडे तुमच्या नेहमीच्या मेमरीतच बसलेत. एमडब्ल्यू० मध्ये कुणी ॲनालॉगची व्हॅल्यू टाकली तर कायम ऑन असलेला बिट पण ऑफ होऊ शकतो, आणि मग असा प्रोग्राम वाचून डोकं फिरतं कारण कागदावर सगळं बरोबर दिसत असतं.

कुठला बिट, कुठला बाइट, कुठला वर्ड वापरात आहे हे एका नजरेत बघायला टीआयएमध्ये प्रोग्राम इन्फो खाली असाइनमेंट लिस्ट आहे, ती फार कमी लोक उघडतात. एका ओळीत एक बाइट, त्याचे आठ बिट, आणि तो बाइट वर्ड किंवा डबल वर्ड म्हणून कुठे गेलाय ते बाजूला. तुमच्या प्रोग्राममध्ये एमबी११ च्या ओळीवर दोन वर्डच्या रेघा एकमेकांवर आलेल्या दिसतील. दुसऱ्याचा प्रोग्राम दुरुस्तीला आला की मी लॉजिक बघायच्या आधी ही लिस्ट बघतो.

टेम्प (ब्लॉकची तात्पुरती) मेमरीचं एवढंच, की ब्लॉकचा कॉल संपला की तिचा भरवसा नाही. आधी लिहायचं मग वाचायचं. मागच्या स्कॅनची व्हॅल्यू टेम्पमध्ये राहील या आशेवर एज डिटेक्शनचा (सिग्नल बदलल्याचा क्षण ओळखण्याचा) बिट ठेवला की कधी चालतं कधी नाही, आणि असे फॉल्ट सापडायला सगळ्यात जास्त वेळ खातात. तो बिट ब्लॉकच्या स्टॅटिकमध्ये (कॉलनंतरही टिकणाऱ्या मेमरीत) किंवा डीबीत, म्हणजे डेटा ब्लॉकमध्ये, ठेवा.

डीबीवर मात्र वेळ घालवा. माझं स्पष्ट मत आहे की नवीन प्रोजेक्टमध्ये एम एरिया जवळजवळ वापरूच नये, सगळं डीबीत नावाने ठेवावं. टीआयएमध्ये एस७-१२०० ला नवीन डीबी बनवला की तो ऑप्टिमाइज्ड असतो, त्याच्यात ऑफसेट नसतोच, कुठला टॅग कुठल्या बाइटवर बसवायचा ते सीपीयू ठरवतो. तुमच्यासारखा ओव्हरलॅप तिथे करायचा म्हटला तरी होणार नाही. रिटेन (पॉवर गेली तरी व्हॅल्यू टिकवणं) पण प्रत्येक टॅगला वेगळं देता येतं. स्टँडर्ड, म्हणजे ऑफसेटवाल्या, डीबीला रिटेन दिलं तर सगळा डीबीच रिटेन होतो. आणि एम एरियात रिटेन एमबी० पासून सलग मोजून द्यावं लागतं, मधलाच एखादा बाइट निवडता येत नाही, म्हणून पॉवर गेली तरी काउंट राहायला हवा असेल तर तो डीबीत असलेलाच बरा.

मग लोक स्टँडर्ड डीबी का वापरतात? कारण बाहेरच्याला नाव कळत नाही. बऱ्याच स्काडाचे ड्रायव्हर, दुसऱ्या कंपनीचे एचएमआय, पुट गेट करणारी (बाहेरून सीपीयूची मेमरी वाचणारी-लिहिणारी) लायब्ररी, हे सगळे डीबी नंबर आणि बाइट ऑफसेटनेच विचारतात. त्यासाठी डीबीच्या प्रॉपर्टीमध्ये ऑप्टिमाइज्डची टिक काढायची, सीपीयूच्या प्रोटेक्शनमध्ये पुट गेटची परवानगी द्यायची, आणि मग ऑफसेट तुम्हाला सांभाळायचे. तिथे पण बाइटचाच हिशोब. पहिला बूल (एक बिट) असेल तर तो ०.० ला, त्याच्या पुढे इंट टाकला तर तो १ ला न जाता २.० ला जातो कारण वर्ड नेहमी सम बाइटवर सुरू होतो, मग रिअल ४.० ला.

आणि या डीबीमध्ये मधे कधीही नवीन ओळ घुसवायची नाही, नवीन टॅग शेवटीच टाकायचा. एका डेअरी प्लांटमध्ये मला रात्री बोलावलं होतं, पाश्चरायझरचं तापमान पॅनलवरच्या इंडिकेटरला ७२ आणि स्काडावर ०.००. सगळे ट्रान्समीटरच्या मागे लागले होते. दुपारी कुणीतरी डीबीच्या मधे एक इंट वाढवला होता, तापमान डीबीडी२० (डीबीतला बाइट २० पासूनचा डबल वर्ड) वरून डीबीडी२२ ला सरकलं होतं आणि स्काडा अजून २० लाच बघत होता. ७२.० हा रिअल हेक्समध्ये ४२९० ०००० असा असतो, आता २० ला नवीन इंटचा शून्य आणि २२ ला ४२९०, म्हणजे स्काडाला मिळालं ०००० ४२९०, तो इतका बारीक आकडा आहे की स्क्रीनवर शून्यच दिसणार. इंट शेवटी नेला, डाउनलोड केला, पाच मिनिटांत ७२ दिसायला लागले. वर असा बदल करून डाउनलोड केला की डीबी स्टार्ट व्हॅल्यूवर जातो, ऑपरेटरने भरलेले सेटपॉइंट उडतात, म्हणून आधी अॅक्च्युअल व्हॅल्यूचा स्नॅपशॉट घ्या आणि शक्यतो चालू मशिनवर हे करूच नका.

आता तुमचा मॉडबसचा प्रश्न. ४०००१ मधला पहिला ४ हा फक्त होल्डिंग रजिस्टर (वाचता-लिहिता येणारा १६ बिटचा रजिस्टर) आहे हे सांगतो, वायरवर तो जातच नाही. वायरवर जातो ०. म्हणजे ४०००१ साठी ०, ४०००२ साठी १. मॉडबसचा रजिस्टर १६ बिटचा, मित्सुबिशीच्या डी सारखा, आणि सिमेन्सची मोजणी बाइटमध्ये, त्यामुळे मध्ये दोनने गुणावं लागतं. एमबी सर्व्हर ब्लॉकला (इथे एमबी म्हणजे मॉडबस) होल्डिंग रजिस्टरसाठी तुम्ही जो स्टँडर्ड डीबी दाखवाल त्यात बाइट ऑफसेट म्हणजे रजिस्टर नंबरमधून ४०००१ वजा करायचे आणि दोनने गुणायचं. ४०००१ म्हणजे डीबीडब्ल्यू०, ४०००२ म्हणजे डीबीडब्ल्यू२, ४००११ म्हणजे डीबीडब्ल्यू२०. डेल्टाची सवय असेल तर तिथे डी० हा हेक्स १००० पासून सुरू होतो, म्हणजे डी१०० ला ४१९६ आणि चाळीस हजारवाल्या पद्धतीत ४४१९७, ते गणित इकडे लावू नका, इकडे सुरुवात कुठून हे तुम्ही दाखवलेला डीबी ठरवतो.

तुमचा काउंट डिंट केला तर तो दोन रजिस्टर घेणार, ऑफसेट ० ला ठेवलात तर ४०००१ आणि ४०००२, आणि वरचा वर्ड ४०००१ ला. स्काडाचा ड्रायव्हर उलटा, म्हणजे खालचा वर्ड आधी धरत असेल तर १ बॉक्सचे ६५५३६ बॉक्स दिसतील. रिअल असेल तर त्या डेअरीसारखं ०.०० दिसेल, एनर्जी मीटर जोडताना पण हेच होतं, २३०.० व्होल्टचे शून्य होतात आणि लोक मीटर बदलायला निघतात. ड्रायव्हरमध्ये वर्ड स्वॅपची सेटिंग असते, ती बदलायची.

स्काडावाल्याला ॲड्रेस लिस्ट द्यायच्या आधी डीबीच्या पहिल्या तीन वर्डमध्ये ११११, २२२२, ३३३३ भरा आणि त्याला ४०००१ ला काय दिसतं ते विचारा. ११११ दिसलं तर ठीक. २२२२ दिसलं तर त्याचा ड्रायव्हर एकने पुढे वाचतोय, त्याच्याकडची झिरो बेस्ड ॲड्रेसिंगची टिक बदलायला सांगा, तुमच्या डीबीत काही सरकवू नका. हे जुळलं की मग १ हा आकडा डिंटमध्ये भरून वर्ड ऑर्डर बघा, १ दिसला की त्यानंतरच लिस्ट फायनल करून मेल करा.